डोंबिवली ते दमण, हद्दी ओलांडत

सिल्वासाहून दमणला सायकलनं निघालं की एका सकाळीत चार वेळा हद्द बदलते. नगर हवेली संपते, गुजरातची एक पट्टी लागते. मग दादरा, पुन्हा गुजरात म्हणजे वापी, आणि शेवटी दमण. गाडीच्या काचा वर करून जाणाऱ्याला यातलं काही जाणवत नाही. सायकलवर मात्र डांबर बदललं की ते हातांना आधी कळतं. दुकानांच्या पाट्यांवर गुजराती, हिंदी, मराठी यांचं प्रमाण वर-खाली होत राहतं. गुजरातेत दारूबंदी आहे, त्यामुळे दारूची दुकानं ओळीनं लागली की गुजरात मागे पडला हे न सांगता समजतं.

मी डोंबिवली पश्चिमेची. कल्याणला बँकेत नोकरी केली, लेकीचं लग्न झाल्यावर सायकल घेतली. युरोपात जुन्या पोलादी पडद्याच्या सीमेवरून बॅरेंट्स समुद्रापासून काळ्या समुद्रापर्यंत सुमारे १०,००० किलोमीटरचा सायकलमार्ग आखला आहे, हे वाचलं तेव्हा पहिला विचार आला तो आपल्या उत्तरेचा. अशी गुंतागुंतीची सीमा आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्याला लागूनच आहे, आणि ती दोन-तीन दिवसांत सायकलनं पाहता येते.

ही गुंतागुंत आली कुठून? एके काळी ठाणे आणि वसई दोन्ही पोर्तुगीजांकडे होती. १७३७ मध्ये ठाणे आणि १७३९ मध्ये वसई मराठ्यांनी घेतली, दमण मात्र पोर्तुगीजांकडेच राहिलं. पुढे मराठ्यांच्या आरमारानं त्यांचं एक जहाज पकडलं. त्याच्या भरपाईच्या वाटाघाटी लांबल्या आणि १७७९ च्या तहात पेशव्यांनी वर्षाला बारा हजार रुपये वसुलाची गावं तोडून द्यायचं मान्य केलं. तीच पुढे दादरा आणि नगर हवेली म्हणून ओळखली गेली. किनाऱ्यावरचं दमण आणि आतली ही गावं यांच्यामध्ये दुसऱ्याचा मुलूख राहिला. स्वातंत्र्यानंतर तो भारत झाला, आणि पोर्तुगीज अधिकाऱ्याला आपल्याच एका ठाण्यातून दुसऱ्यात जायला भारतातून जावं लागू लागलं.

१९५४ च्या पावसाळ्यात हा प्रश्न सुटला, आणि तो सोडवणाऱ्यांत मराठी माणसं कितीतरी होती. गोव्याचे कार्यकर्ते २१-२२ जुलैच्या रात्री दादऱ्यात शिरले, २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झालं. राजा वाकणकर, विश्वनाथ नरवणे, बाबासाहेब पुरंदरे, सुधीर फडके ही नावं या लढ्याशी जोडलेली आहेत. पैसा उभा करायला लता मंगेशकरांच्या गाण्याचा कार्यक्रम झाला होता. बाबूजींची, म्हणजे सुधीर फडक्यांची, गाणी आमच्या घरात रोज वाजायची, पण त्यांच्या आयुष्यातलं हे पान आम्हाला शाळेत कुणी उलगडून दाखवलं नाही, याची मला अजून रुखरुख आहे.

पोर्तुगालनं हे प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेलं. निकाल १२ एप्रिल १९६० ला लागला. न्यायालयानं म्हटलं, पेशव्यांनी दिला तो सरंजाम, म्हणजे वसुलाचा हक्क, सार्वभौमत्व नव्हे. पुढे इंग्रजांच्या काळात पोर्तुगालचं सार्वभौमत्व मान्य होत गेलं, त्यामुळे खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना जाण्या-येण्याचा हक्क होता. सैन्याला मात्र नव्हता, आणि भारतानं वाट रोखली त्यात नियमभंग नव्हता. १९५४ ते १९६१ या प्रदेशाचा कारभार वरिष्ठ पंचायत बघत होती. विलीनीकरणाच्या करारावर सही करायला नेहरूंच्या बरोबरीचा कुणीतरी हवा, म्हणून बदलानी नावाचे सनदी अधिकारी तिथले एका दिवसाचे पंतप्रधान झाले होते.

आता रस्ता. पहाटे मोठागाव-माणकोली पुलावरून खाडी ओलांडायची आणि भिवंडीची गोदामं जागी व्हायच्या आत अंबाडीच्या दिशेला लागायचं. वाड्यापर्यंत अवजड गाड्या आणि खड्डे, इथे घाई करू नये. वाड्यानंतर शेतं मोकळी होतात, ट्रक विरळ होतात. विक्रमगडला मुक्काम. दुसऱ्या दिवशी तलवाडा, कासा, सायवन आणि उधवा. हा भाग मला सगळ्यात जवळचा वाटतो. चढउतार सतत, पण अंग मोडणारे नाहीत. कुडाच्या भिंतींची वारली घरं, मोहाची झाडं, शाळेला चालत निघालेल्या मुली. याच तलासरीच्या पट्ट्यात १९४५ मध्ये गोदावरी परुळेकरांच्या साथीनं वारल्यांनी वेठबिगारी झुगारली. आणि खानवेलकडे माघार घेतलेले पोर्तुगीज अधिकारी कॅप्टन फिदाल्गो ११ ऑगस्ट १९५४ ला शरण आले तेही उधव्यालाच. उधव्याच्या टपरीवर चहा घेताना मालकीणबाईंना सीमा कुठे म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, "पुढंच. माझं माहेर तिकडंच हाय."

खानवेलपासून सिल्वासापर्यंत दमणगंगेचं खोरं आहे. तिसऱ्या दिवशी दमण: नदीच्या एका काठाला नानी दमण, दुसऱ्या काठाला मोटी दमण आणि तिचा किल्ला. परतताना चाकं काढून सायकल पिशवीत भरायची, वापीहून गाडीनं वसई, तिथून दिव्याची गाडी आणि कोपरला उतरायचं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. दोन जादा ट्यूब, पंप, पंक्चरचं साहित्य आणि मागचा लाल दिवा एवढं हवंच. विक्रमगड सोडताना पाणी पूर्ण भरून घ्यावं. अहमदाबाद महामार्ग जवळचा दिसतो, पण तो सायकलसाठी नाही. जाताना एक गाव नकाशावर आधीच पाहून ठेवा: सिल्वासाच्या दक्षिणेचं मेघवाळ. ते गुजरातचं आहे, पण चारही बाजूंनी नगर हवेलीनं वेढलेलं. पुढच्या थंडीत मी तिथे जाणार आहे.