विश्लेषण : बायपास की स्टेंट? काही रुग्णांसाठी उत्तर ‘दोन्ही’ का?

अँजिओग्राफीचा अहवाल हातात पडला की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : छाती उघडावी लागणार, की स्टेंटवर भागेल? एकापेक्षा जास्त धमन्यांत अडथळे असलेल्या निवडक रुग्णांवर मात्र दोन्ही उपचार मिळून केले जातात. याला ‘हायब्रिड’ पद्धत म्हणतात.

नेमके काय करतात?
हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणारी ‘एलएडी’ ही सर्वांत महत्त्वाची धमनी. छातीच्या डाव्या बाजूला बरगड्यांमधून छोटा छेद घेऊन छातीच्या आतल्या बाजूची ‘लिमा’ ही धमनी तिला जोडतात. मधले हाड कापावे लागत नाही. हृदय सुरू असतानाच टाके घातले जातात. उरलेल्या धमन्यांत मनगटातून किंवा जांघेतून नळी घालून स्टेंट बसवतात.

अशी विभागणी कशासाठी?
खरे कारण इथे आहे. एलएडीला जोडलेली लिमा दहा वर्षांनंतरही दहापैकी नऊ रुग्णांत सुरू असते. नेहमीच्या बायपासमध्ये इतर धमन्यांसाठी बहुधा पायातील शीर वापरतात. ती दहा वर्षांत जवळपास निम्म्या वेळा बंद किंवा खराब होते. मग तिच्याऐवजी औषधयुक्त स्टेंट का नको, असा हा विचार.

आधी काय?
बहुतेकदा शस्त्रक्रिया. स्टेंटनंतर ॲस्पिरिनसोबत रक्त पातळ ठेवणारी दुसरी गोळीही लागते आणि तिच्या प्रभावाखाली शस्त्रक्रिया केल्यास रक्तस्राव वाढतो. शिवाय नंतर स्टेंट टाकताना नवी जोडणी नीट चालते का, तेही दिसते. मात्र दुसऱ्याच धमनीमुळे हार्ट अटॅक आला असेल तर ती आधी उघडावी लागते.

पुरावा किती?
अजून तोकडाच. पोलंडमधील २०० रुग्णांच्या चाचणीत पाच वर्षांनंतर हायब्रिड आणि नेहमीचा बायपास यांच्या मृत्युदरात लक्षणीय फरक आढळला नाही. अमेरिकेतील मोठी चाचणी पुरेसे रुग्ण न मिळाल्याने लवकर थांबवावी लागली. मधुमेहींमध्ये अनेक धमन्या बंद असतील तर केवळ स्टेंटपेक्षा बायपास सरस, हे २०१२च्या ‘फ्रीडम’ चाचणीत दिसले होते. त्यामुळे निर्णय हृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन यांनी एकत्र बसून घ्यायचा असतो. छोट्या छेदातून टाके घालणे अवघड असल्याने सर्जनने अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत, हे विचारण्यात संकोच नको. स्टेंटनंतरच्या गोळ्या तर, दात काढायचा असला तरी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत.