जल्लादाचे घराणे

मी शाळेत इतिहास शिकवीत असताना एका मुलाने विचारले होते, "गुरुजी, शिक्षा सांगणाऱ्याचे नाव पुस्तकात असते, ती देणाऱ्याचे का नसते?" नारायणराव पेशव्यांचा खून १७७३ साली झाला आणि राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारे रामशास्त्री आमच्या पोराबाळांस ठाऊक झाले. परंतु त्या काळच्या एकाही जल्लादाचे नाव मजला सांगता येईना. आपल्याकडे हे काम परंपरेने मांग समाजाच्या माथी मारलेले होते. दोर वळावयाचे त्यांनीच, आणि प्रसंगी गळ्यात घालावयाचे तेही त्यांनीच. गावाला दोर हवा, वळणारा मात्र वेशीबाहेर हवा, असा आमचा न्याय!

त्या मुलाला मी तेव्हा काही तरी सांगून गप्प केले. पुढे निवृत्त होऊन वारज्यास राहावयास आलो आणि एका जुन्या रोजनिशीचे १९२८ मध्ये छापलेले इंग्रजी भाषांतर हाती आले. ही रोजनिशी जर्मनीतील न्युरेंबर्ग शहराचा जल्लाद फ्रान्त्स श्मिट याची. १५७३ साली, एकोणीस-वीस वर्षांचा असताना, त्याने पहिली फाशी दिली. १५७८ मध्ये तो न्युरेंबर्गच्या नोकरीत आला आणि १६१८ पर्यंत तेथे राहिला. या अवधीत साडेतीनशेहून अधिक माणसांना त्याने मृत्युदंड दिला, आणि त्यांची नोंद स्वतःच्या हाताने ठेविली.

हा माणूस क्रूर असेल अशा समजुतीने मी पुस्तक उघडले. पण तो तसा दिसेना. बालहत्या करणाऱ्या स्त्रियांना तेथे पाण्यात बुडवून मारीत. ती शिक्षा रद्द होऊन १५८० साली त्या जागी तलवार आली, त्यात याचा आग्रह होता. सारे शहर मद्य पिणारे असता हा दारूला शिवत नसे. जल्लादाचा वार चुकला तर जमलेली गर्दी त्याच्यावरच धावून जाई, तेव्हा हात स्थिर ठेवणे त्याला भागच होते, हे खरे. पण नुसत्या भीतीने कोणी चाळीस वर्षे व्रत पाळीत नाही. १५८५ मध्ये चाकावर हाडे मोडून मारण्याची शिक्षा त्याला ज्या दरोडेखोरावर बजावावी लागली, तो त्याच्या सख्ख्या बहिणीचा नवरा होता.

मग असा मनुष्य या धंद्यात आला कसा? बाप हाइनरिख श्मिट हाही जल्लादच होता, एवढ्याने प्रश्न सुटत नाही. बाप कसा झाला, हे उरतेच. रोजनिशी याविषयी अवाक्षर काढीत नाही. आणि तेथे या कामाचा विटाळ आपल्याहून कमी नव्हता. जल्लादाच्या मुलास सुताराची किंवा शिंप्याची श्रेणी आत घेत नसे. सोयरिकी बहुधा दुसऱ्या जल्लादाच्याच घरी जुळत. न्युरेंबर्गमध्ये पेग्निट्झ नदीवरच्या पुलापाशी याचे बिऱ्हाड होते. ते घर आजही दाखवितात.

उलगडा झाला तो व्हिएन्नाच्या दप्तरखान्यात जपून राहिलेल्या एका अर्जाने. अमेरिकन इतिहासकार जोएल हॅरिंग्टन यांनी २०१३ च्या आपल्या ग्रंथात तो वाचकांपुढे मांडला. १६२४ साली, सत्तरीच्या घरात आलेल्या फ्रान्त्सने सम्राट दुसरा फर्डिनांड याजकडे आपल्या कुळाची अब्रू परत मागितली, आणि अर्जात बापाची हकीकत लिहिली.

हाइनरिख होफ गावचा. रानातली कामे करून आणि पाखरे धरून पोट भरणारा. १५५३ च्या ऑक्टोबरात तेथील सत्ताधीश मार्ग्रेव्ह आल्ब्रेख्त अल्किबियादीस याला आपल्या जिवावर उठल्याचा संशय आला, म्हणून बंदुका घडविणाऱ्या तिघा कारागिरांना त्याने भर चौकात फाशी फर्माविली. गावात जल्लाद नव्हता. मार्ग्रेव्हने बघ्यांतल्या हाइनरिखकडे बोट दाखविले: यांना तू लटकाव; नाही तर तुला आणि तुझ्या बाजूस उभ्या असलेल्या दोघांना लटकावितो.

त्याने लटकाविले. मग ज्यांच्यात तो काल वावरत होता त्या शेजाऱ्यांनीच त्याला दूर सारले. राहिला तो एकच धंदा. आज्ञा करणारा मार्ग्रेव्ह वर्ष उलटते न उलटते तोच परागंदा झाला आणि १५५७ मध्ये वारला. हाइनरिखच्या घराचा डाग मात्र त्याच्याबरोबर गेला नाही.

आता अर्जदार स्वतःच्या हिताचेच लिहिणार, ही शंका रास्त आहे. मीही ती घेतली. परंतु होफचा इतिहास लिहिणारा एनोख विडमान याने आपल्या बखरीत हाच प्रसंग नोंदविला आहे, आणि त्याला श्मिट घराण्याचे काही देणे लागत नव्हते. दोन निराळ्या हातांचे कागद जुळले की इतिहासाच्या मास्तराला बरे वाटते.

हे कळल्यावर रोजनिशीचे पान न् पान निराळे दिसू लागते. दारूचा त्याग, नेमकी नोंद, वरिष्ठांचे समाधान राखण्याची धडपड, हे सारे बापाच्या एका दिवसाची भरपाई करण्यासाठी चालले असावे, असे मला वाटते. तलवारीखेरीज त्याला दुसरी विद्याही होती. मोडलेली हाडे बसविणे, जखमा बऱ्या करणे यांत जल्लाद तेथे वाकबगार असत. आपण पंधरा हजारांहून अधिक रोग्यांवर उपचार केले, असे फ्रान्त्सने त्याच अर्जात लिहिले आहे. दिवसा ज्याची सावली टाळावयाची, त्याच्याच दारी रात्री दुखरा हात घेऊन जावयाचे!

सम्राटाने अर्ज मंजूर केला. घराण्याचा डाग पुसला गेला, आणि मुलाबाळांना इतर धंद्यांची दारे मोकळी झाली. होफच्या चौकातल्या त्या सकाळीस तेव्हा एकाहत्तर वर्षे लोटली होती. फ्रान्त्स पुढे दहा वर्षे जगला आणि १६३४ साली न्युरेंबर्ग येथेच वारला.

तो विद्यार्थी आज कोठे आहे, मजला माहीत नाही. ऐकत असेल, तर एवढे सांगतो: बाळ, एका जल्लादाचे नाव सापडले. आपल्याकडच्यांपैकी कोणाच्या हातची रोजनिशी अजून माझ्या वाचनात आलेली नाही.