वजन उतरलं, आता भाताचं काय?

मैत्रिणींनो, वजन कसं उतरवावं हे सांगणारे पुष्कळ. शेजारीण सांगते, नणंद सांगते, हातातला मोबाईल तर दिवसभर सांगत असतो. पण ठरवलेल्या आकड्यावर काटा आला, की दुसऱ्या दिवशी सकाळी ताटात काय वाढून घ्यायचं, हे सहसा कुणी सांगत नाही. आज आपण तेवढंच बोलू या.

गोंदियाला आमच्या ओळखीच्या एक वहिनी आहेत. वय त्रेचाळीस, उंची पाच फूट दोन इंच, वजन ७४ किलो. जिना चढताना गुडघे कुरकुरू लागले, रक्तातली साखर अगदी काठावर आली, तेव्हा त्यांनी डॉक्टरांना विचारून कीटो आहार धरला. भात, पोळी, पोहे, मुरमुरे, साखर सगळं बंद. अंडी, पनीर, तलावातली मासळी, अंबाडी-मेथी-तरोट्याची भाजी, जवसाची चटणी आणि सढळ हातानं तूप.

धानाच्या जिल्ह्यात भात सोडणं म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींना सांगून कळायचं नाही. इथे बांधीत धान, अंगणात धान, कोठीत धान. घरातल्या सहा माणसांसाठी दोन्ही वेळा भात रांधायचा, त्याचा वास घ्यायचा आणि आपण मात्र अंड्याची पोळी घेऊन बाजूला बसायचं. वहिनींनी हे सात महिने केलं. दसऱ्याच्या सुमारास काटा ६२ वर आला. जुने ब्लाऊज होऊ लागले, गुडघे गप्प झाले.

मग दिवाळी आली. नवा तांदूळ घरात आला. भाऊबीज झाली आणि गावोगावच्या मंडईचे पाहुणे सुरू झाले. सासूबाई म्हणाल्या, "काऊन वं सूनबाई, उतरलं ना वजन? मंग आता तरी भात घे!" वहिनींनी घेतला. दहा दिवसांनी काट्यावर उभ्या राहिल्या, तर साडेचौसष्ट!

"सात महिन्यांची मेहनत पाण्यात गेली," असं म्हणून त्या रडल्या. आणि मग तेच झालं जे अशा वेळी होतं. जायचंच आहे तर जाऊ दे, म्हणून त्यांनी सगळंच सोडलं. होळीपर्यंत काटा ७१ वर होता.

ते अडीच किलो कसले?

वहिनींच्या तोंडून नकळत खरा शब्द निघून गेला होता. ते अडीच किलो बहुतेक पाणीच होतं!

आपलं शरीर थोडी साखर ग्लायकोजेनच्या रूपानं यकृतात आणि स्नायूंत साठवून ठेवतं. साधारण चारशे-पाचशे ग्रॅम. या साठ्यातल्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. कीटोत भात-पोळी बंद झाली की हा साठा पुष्कळसा रिकामा होतो आणि त्याच्याबरोबर पाणीही जातं. म्हणून तर पहिल्या आठवड्यात काटा इतका भराभर खाली येतो आणि आपण हरखून जातो. भात परत सुरू झाला की कोठी पुन्हा भरते, पाणी परत येतं. दीड-दोन किलो असे चार-आठ दिवसांतच वाढतात. वर दिवाळीच्या चकल्या-चिवड्यांतलं मीठ थोडं आणखी पाणी धरून ठेवतं. ही चरबी नव्हे.

तेव्हा एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कीटोतला ६२ आकडा हा भात खाणाऱ्या बाईचा जवळजवळ ६४ असतो. आपलं उद्दिष्ट ठरवताना हे दोन किलो आधीच हिशेबात धरा. भात सुरू केल्यावर दोन-तीन आठवड्यांनी जिथे काटा स्थिरावेल, ते तुमचं खरं वजन. जपायचं ते हे.

मग खरी चूक कुठे झाली?

पुढचे सहा-सात किलो मात्र पाण्याचे नव्हते. वहिनींशी बोलताना ती चूक सापडली. भात आला, पण तूप गेलं नाही. पनीर तसंच, मूठभर शेंगदाणे तसेच, आणि शेजारी दोन वाट्या भात. कीटोत तूप चालतं, कारण तिथे भात नसतो. साध्या जेवणात भात चालतो, कारण तिथे तूप बेतानं असतं. दोन्ही ताटं एकत्र वाढली, तर ते ना कीटो राहतं, ना साधं जेवण.

दुसरी गोष्ट म्हणजे शरीरच लहान झालेलं असतं. बारा किलोंचं ओझं उतरल्यावर ते वाहून नेण्याचा खर्चही वाचतो. उतरलेल्या दर किलोमागे शरीराचा रोजचा खर्च साधारण वीस ते तीस उष्मांकांनी घटतो. बारा किलोंमागे अडीचशे ते साडेतीनशे झाले. म्हणजे ७४ किलोंच्या वहिनी पूर्वी जेवढं जेवत होत्या, तेवढंच ६२ किलोंच्या वहिनी जेवू लागल्या, तर रोज दीड-दोन वाट्या भात जास्तच होतो. त्यात भूक मात्र वाढलेली असते. शरीर गेलेलं वजन परत मागत असतं. हा तुमच्या मनाचा दुबळेपणा नव्हे, बरं का! शरीराची ती रीतच आहे.

कीटो आहार मुळात बारीक होण्यासाठी निघालाच नव्हता. अमेरिकेत १९२१ साली मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी तो अपस्माराच्या, म्हणजे फिट्सच्या रोग्यांसाठी सुचवला आणि पुढे लहान मुलांवरच्या उपचारात तो रुजला. औषधासारखा, मोजूनमापून द्यायचा आहार तो. आणि वजनासाठी हाच एक रस्ता आहे असंही नाही. २०१८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या पाहणीत ६०९ माणसांना वर्षभर पाहिलं. निम्म्यांनी स्निग्ध पदार्थ कमी केले, निम्म्यांनी पिष्टमय. सरासरी वजन उतरलं ते अनुक्रमे ५.३ आणि ६ किलो. फरक धरण्यासारखा नव्हता. आपल्याच विदर्भातल्या नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांनी दिवसातून दोनदाच जेवायचं सांगितलं आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी ते घरोघरी नेलं. त्यांच्या सांगण्यात भातावर बंदी नाही. सांगायचा मुद्दा, खाली कुठल्याही वाटेनं या, खाली राहायचं तर रोज जगता येईल असंच ताट हवं.

भात परत आणायचा तो असा

आधी मापं समजून घ्या. एक वाटी शिजलेला भात म्हणजे साधारण दीडशे ग्रॅम. त्यात पिष्टमय पदार्थ चाळीस ग्रॅमच्या आसपास आणि उष्मांक १८० च्या आसपास. कडक कीटोत दिवसभराचे पिष्टमय पदार्थ वीस ते पन्नास ग्रॅम असतात, म्हणजे एका वाटीतच दिवस संपतो! चहाचा एक चमचा तूप किंवा तेल म्हणजे ४५ उष्मांक. तेव्हा हिशेब सोपा आहे. एक वाटी भात ताटात आला, की चार चमचे तूप-तेल ताटातून उठलं पाहिजे. अर्धी वाटी आली, तर दोन चमचे.

पहिले दोन आठवडे : दुपारच्या जेवणात अर्धी वाटी भात. दोन चमचे तूप कमी. रात्रीचं जेवण पूर्वीसारखंच.

तिसरा-चौथा आठवडा : दुपारी एक वाटी भात किंवा एक लहान भाकर. दोन्ही नाही. आणखी दोन चमचे तूप-तेल कमी.

पाचवा-सहावा आठवडा : एक वाटी वरण आणि दिवसातून एक पेरू किंवा संत्रं. आता पनीर आणि शेंगदाणे निम्म्यावर आणा.

त्यानंतर काटा स्थिर असेल, तर रात्री अर्धी वाटी भात. वर सरकू लागला, तर घाबरू नका, एक पायरी मागे या.

अंडी, मासळी, डाळ, दही मात्र कमी करू नका. प्रथिनांनी पोट भरलेलं राहतं. आधी भाजी आणि मासळी खा, भात शेवटी घ्या. आणि भात पातेल्यातून वाटीनंच वाढून घ्या, भातवाढीनं नको. भातवाढीला माप नसतं!

रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून राबणाऱ्या बाईचं माप अर्थातच वेगळं. तिला हे वाटीचे हिशेब लावू नका. हे आपल्यासारख्या ओट्याशी नाही तर खुर्चीवर दिवस घालवणाऱ्यांसाठी आहेत.

काही जणींना भात नकोच असतो, कीटोच पुढे चालवायचा असतो. त्यांनी वजन ठरल्या जागी आल्यावर जेवण थोडं थोडं वाढवावं, नाहीतर काटा खाली जातच राहील. पालेभाजी भरपूर ठेवावी आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल अधूनमधून तपासून घ्यावं. कीटोत काहींचं वाईट कोलेस्टेरॉल बरंच वाढतं.

काटा आणि टेप

आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी, सकाळी चहाच्या आधी वजन करा. कॅलेंडरवर जिथे दुधाचा हिशेब लिहिता, त्याच चौकटीत तो आकडा लिहा. स्थिरावलेल्या वजनाच्या वर दोन किलोंची एक हद्द आखून घ्या. आत असाल तर निश्चिंत राहा. हद्द ओलांडलीत, तर त्याच आठवड्यात एक पायरी मागे. दोन किलो महिन्याभरात उतरतात. नऊ किलोंना पुन्हा सात महिने लागतात. सोबत कमरेला टेप लावा. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही सावधानतेची रेघ मानतात.

अमेरिकेत १९९४ पासून अशा माणसांची एक नोंदवही ठेवली जाते, ज्यांनी किमान साडेतेरा किलो उतरवले आणि वर्षभर तरी खाली ठेवले. त्यांनी वजन उतरवलं वेगवेगळ्या रीतींनी, पण टिकवायच्या सवयी बऱ्याचशा सारख्या निघाल्या. बहुतेक जण नियमित वजन करतात, सणावाराला आणि एरवी जवळपास सारखंच जेवतात, आणि रोज तासाभराची हालचाल करतात. तास म्हटल्यावर दचकू नका. सकाळी अर्धा, संध्याकाळी अर्धा. चालण्याच्या जोडीला आठवड्यातून दोन-तीनदा उठबशा काढा, भरलेली बादली उचला. स्नायू टिकले, तर शरीराचा खर्च टिकतो.

आधी डॉक्टरांना विचारा

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, रक्तदाबाचं औषध असेल, तर कीटो धरताना आणि सोडतानाही डॉक्टरांना सांगा. भात परत आला की साखर पुन्हा मोजावी लागते, औषध बदलावं लागतं. कीटोत मीठ वाढवलं असेल, तर तेही आता पूर्ववत करा. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्या, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी आपल्या मनानं कीटो करूच नये.

आणि आपल्या भागासाठी एक खास सूचना. विदर्भात, त्यातही आपल्या पूर्वेकडे, सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. या रोग्यांना शरीरातलं पाणी कमी झालं की तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो, आणि कीटोच्या सुरुवातीला पाणीच भराभर जातं. घरात कुणाला सिकलसेल असेल, तर आधी आपली रक्ततपासणी करून घ्या.

एकाच पातेल्यातलं

वहिनींनी पुढच्या वर्षी पुन्हा सुरुवात केली. या वेळी वजन उतरायला नऊ महिने लागले. पण आधीच ठरवलं होतं की ६२ च्या मागे धावायचं नाही, भात खाऊन ६४ वर राहायचं. दिवाळीच्या आधीच त्यांनी सासूबाईंना स्वयंपाकघरात नेऊन ती वाटी दाखवली. म्हणाल्या, "आई, भात मी सोडला नाही. एवढा रोज खाणार आहे. पण आग्रह करून दुसरी वाटी वाढू नका."

सासूबाईंना वाटी लहान वाटलीच. पण सून सगळ्यांच्या पंगतीत बसून, त्याच पातेल्यातला भात खाते, याचं समाधान मोठं होतं. पाहुण्यांनी आग्रह केला, की आता त्याच मधे पडतात, "तिचं माप ठरलं आहे जी!"

होळीला काटा ६४ आणि ६५ च्या मधे होता. त्यानंतरही तो त्याच हद्दीत फिरतो आहे. मंडईच्या आठवड्यात थोडा वर जातो, पंधरा दिवसांत खाली येतो. वहिनी आता रडत नाहीत. कॅलेंडरच्या चौकटीत आकडा लिहितात आणि तांदूळ धुवायला घेतात.

तुमच्या घरातली एक वाटी आजच बाजूला काढून ठेवा. वजन उतरवायला सुरुवात केली नसेल, तरीसुद्धा!