मामा तलावांतील बेशरम आणि देशी पाणवनस्पती

राजस्थानातील जोधपूर येथे मेहरानगड किल्ल्याशेजारी राव जोधा मरुभूमी उद्यान आहे. तेथे पूर्वी मेक्सिकोकडील वेडी बाभूळ माजली होती. ती वरून तोडली तरी पुन्हा फुटत असे. म्हणून २००६ सालापासून खाणकामगारांकडून खडक फोडून तिची मुळे काढविण्यात आली व तेथे थोरासारखी मरुभूमीतील मूळची झाडे लावण्यात आली.

सिहोरा परिसरातील शेतकऱ्यांस हाच धडा मामा तलावांतील बेशरमाविषयी घेता येईल. अमेरिका खंडातून आलेल्या या झुडपाच्या फांदीचा तुकडाही ओलीत रुजतो. त्याच्या दाटीत गाळ साचून धानासाठीचा पाणीसाठा घटतो. देशी पाणवनस्पती नाहीशा होतात व त्यांच्या आश्रयाने अंडी घालणारे मासेही कमी होतात.

शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात ढिवर स्त्रीपुरुषांनी यावर उपाय केला आहे. तो असा: उन्हाळ्यात पाणी आटताच बेशरम मुळासकट उपटावे, तुकडे तलावाबाहेर वाळू द्यावेत व तळ नांगरावा. पावसाळ्यात जवळच्या चांगल्या तलावातील देशी पाणवनस्पती आणून लावाव्यात. नवे फुटवे दिसताच उपटावेत. मुळे शिल्लक राहिल्यास सारे श्रम व्यर्थ जातात.