संततिनियमन : दोन उपाय एकत्र वापरावे काय ?

‘अधिकस्य अधिकं फलम्’ हें वचन दानधर्मांत खरें असेल. औषधोपचारांत तें सरसकट लागू पडत नाहीं. र. धों. कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र उघडलें, त्यास शतक लोटलें. तरीहि दोन अपत्यांत योग्य अंतर राखूं इच्छिणारीं सुविद्य जोडपीं पुष्कळदां असें समजतात, कीं निरोधास शुक्रजंतुनाशक द्रव्याचा लेप असला म्हणजे निर्धास्तपणा दुप्पट झाला. ही समजूत तपासून पाहणें अगत्याचें आहे. कारण चुकीची किंमत बहुधा पत्नीच्याच शरीरास मोजावी लागते.

निरोध प्रत्येक वेळीं व बिनचूक वापरल्यास वर्षभरांत शंभर स्त्रियांपैकीं सुमारें २ स्त्रियांस गर्भ राहतो. सर्वसाधारण वापरांत हें प्रमाण १३ वर जातें. केवळ शुक्रजंतुनाशकावर विसंबल्यास तें २१ च्या आसपास असतें. निरोधाच्या बाबतींत २ आणि १३ यांमधील अंतर बव्हंशीं वापरणाराच्या हयगयीचें आहे. तें लेपानें भरून निघत नाहीं.

या लेपांत बहुधा नॉनॉक्सिनॉल-९ हें द्रव्य असतें. साबणाप्रमाणें तें शुक्रजंतूंचें आवरण फोडतें. परंतु योनिमार्गाच्या नाजूक त्वचेसहि तें झोंबतें. बेनिन, आयव्हरी कोस्ट, दक्षिण आफ्रिका व थायलंड येथील वेश्याव्यवसायांतील स्त्रियांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००२ सालीं प्रसिद्ध झाले. या द्रव्याचा वारंवार वापर करणाऱ्या स्त्रियांत एच.आय.व्ही.ची लागण कमी होण्याऐवजीं अधिकच आढळली. शिवाय, लेप असलेल्या निरोधांचा स्त्रियांच्या मूत्रमार्गाच्या विकारांशीं संबंध दिसून आला आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनें २००१ सालीं जिनीव्हा येथें तज्ज्ञांस पाचारण केलें. त्यांचा अभिप्राय असा पडला, कीं लेपाचा निरोध साध्या निरोधाहून गर्भधारणा अधिक टाळतो यास पुरावा नाहीं. म्हणून त्याचा पुरस्कार करूं नये. मात्र हाताशीं दुसरा नसेल, तर अजिबात निरोध न वापरण्यापेक्षां तोहि बरा.

मग स्वतंत्रपणें घेतलेलें शुक्रजंतुनाशक ? योग्य मात्रेनें व योग्य वेळीं वापरल्यास गर्भनिरोधास त्याची थोडी भर पडूं शकते. पण संसर्गजन्य रोगांपासून तें रक्षण करीत नाहीं. दाह वा खाज सुटल्यास तें तत्काळ सोडावें. एच.आय.व्ही.चा धोका असलेल्यांनीं तर तें टाळावेंच.

तेव्हां साधा निरोध घ्यावा, वेष्टणावरील मुदत पाहावी, व खोबरेल, तूप किंवा व्हॅसलिन त्यास लावूं नये. स्निग्ध पदार्थांनीं रबर कमकुवत होतें. तो फाटल्यास ७२ तासांच्या आंत, शक्य तितक्या लवकर, आपत्कालीन गोळी घ्यावी. याहून अधिक खात्री हवी असेल, तर तांबीसारख्या साधनाविषयीं डॉक्टरांशीं बोलावें. आणि त्या वेळीं पतीनेंहि सोबत जावें. संकोचानें मौन धरून घरचें आरोग्य राखलें जात नाहीं.