चारांतलं एक गेलं की

घरात माणसं चार: आई, बाबा, ताई आणि धाकटा. बारावीनंतर ताई पुण्याला हॉस्टेलवर गेली. घरातलं एक माणूस कमी झालं, असं आपण म्हणतो. पण जरा जोड्या मोजून बघा. चौघांत सहा जोड्या होतात, तिघांत तीनच. म्हणजे एक बॅग रिक्षात चढली आणि रोजच्या नात्यांपैकी निम्मी एका दुपारीत घराबाहेर पडली! जेम्स बोसार्ड या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९४५ साली हे साधं गणित कुटुंबाला लावून दाखवलं. माणसं एकेकाने वाढतात, नाती त्याहून भराभर. आणि घटतातही तशीच.

आता उरलेल्या तीन जोड्यांपैकी दोनांत धाकटा आहे. कालपर्यंत आईचा ओरडा दोघांत वाटला जायचा, आता तो अख्खा त्याच्या वाट्याला. बाबांना बँकेचं ॲप उघडून देणं, गॅसचा नंबर लावणं, काकूंचा डबा परत करणं ही ताईची खाती त्याच्याकडे आली. जेवताना ‘पेपर कसा गेला?’ असं विचारलं की मध्येच विषय बदलणारंही कुणी नाही. पोरगं अचानक मोठं झाल्यासारखं दिसतं ना, त्यात या सक्तीच्या बढतीचा वाटा मोठा असावा. अगदी लहानग्याचं मात्र वेगळं. त्याला ‘सुट्टीत येईल’ म्हणजे कधी, हेच उमगत नाही. कालनिर्णयवर तारखेभोवती गोल केलेला बरा.

खरी नवलाची गोष्ट पुढेच आहे. फ्रान्सिस शॅक्टर आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली मांडलं की भावंडं, त्यातही पहिली दोन, एकमेकांपासून आपलं वेगळेपण ठरवत जातात. ती अभ्यासू, तर हा खेळाडू. ती अबोल, तर हा बडबड्या. तुलनेचा काच टाळण्यासाठी नकळत घातलेला हा बांधच. आता पलीकडचं वावर कसणारी गावाला गेली, तर अलीकडच्याने पाय टाकला म्हणून हटकणार कोण? ‘ती ताईची’ म्हणून कधी हात न लावलेली पेटी एखाद्या संध्याकाळी उघडते, आणि भाता मारता मारता याला सूर सापडायला लागतात. प्रत्येक घरी असं होतं, असं नाही. पण वाट मोकळी होते खरी.

आणि भांडणं? मिरी शार्फ आणि सहकाऱ्यांनी इस्राएलमध्ये केलेला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. किशोरवयीनांच्या तुलनेत विशीतली मुलं भावंडांसोबत कमी वेळ घालवतात, पण त्यांच्यात जिव्हाळा जास्त आणि खटके कमी, असं त्यात दिसलं. साहजिक आहे. भांडायला एकच चार्जर लागतो, एकच बाथरूम लागतं. फोनवर रिमोट हिसकावता येत नाही. शिवाय फोनवर धाकट्याचा भाव वधारतो. आई विचारलं की ‘बरी आहे गं’ एवढंच म्हणते. गुडघा खरंच किती दुखतोय आणि बाबा गोळ्या वेळेवर घेतात का, ते ताईला याच्याकडूनच काढून घ्यावं लागतं.