दुखणे बरे झाल्यावरचा हात

परळ येथे १९४१ साली उघडलेल्या टाटा रुग्णालयाच्याच संस्थेचे ‘ॲक्ट्रेक’ हे कर्करोगावरील उपचार व संशोधन यांचे केंद्र खारघरला, म्हणजे आजच्या पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. त्यामुळे ज्या व्याधीसाठी पूर्वी पनवेल तालुक्यातील रुग्णास मुंबई गाठावी लागे, तिच्या इलाजाची सोय आता तालुक्यातच झाली आहे. परंतु स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि किरणोपचार आटोपून स्त्री घरी परतली, म्हणजे मामला निकालात निघाला असे घरची मंडळी ज्या वेळी समजतात, त्याच वेळी तिच्यासाठी एका निराळ्या कष्टाचा आरंभ झालेला असतो. वेणी घालण्यास हात मागे नेला की काखेत ओढ बसते. कणीक मळताना पहिले चार हात जोमाने फिरतात आणि मग मनगटापासून खांद्यापर्यंत शिणवटा दाटतो. लोकलमध्ये उभ्याने वरची कडी धरली, तर पुढचे स्थानक येण्यापूर्वीच हात खाली घ्यावा लागतो.

याची कारणे देहरचनेत आहेत. काखेतील लसीका ग्रंथी काढताना तेथील नाजूक ज्ञानतंतू व लसीकावाहिन्या दुखावतात. किरणोपचारांनंतर छातीचा स्नायू ताठरू शकतो. आणि दुखेल या धास्तीने हात छातीशी धरून ठेवण्याची सवय जडली, म्हणजे खांदा आखडतो व स्नायू झिजतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन शल्यविशारद हॉल्स्टेड यांनी रूढ केलेल्या पद्धतीत तर छातीचा मोठा स्नायूच काढून टाकीत; आज तो सहसा राखला जातो आणि पुष्कळदा काखेतील मोजक्याच ग्रंथी काढून भागते.

बळ आणि टिकाव या दोन भिन्न गोष्टी होत. मुठीची पकड मोजण्याचे एक साधे यंत्र असते. ते एकदा दाबले असता आकडा समाधानकारक येतो, पण तेच ओळीने पुन्हा पुन्हा दाबावयास सांगितले, म्हणजे काटा उतरत जातो, आणि घरकाम तर सारे पुन्हा पुन्हा करण्याचेच असते. त्यातच झोपेनेही न जाणारा सर्वांगाचा थकवा मिसळतो, ज्याच्या मुळाशी उपचारांचा परिणाम, रक्तक्षय, निद्रानाश किंवा चिंता असू शकते. त्याला आळस म्हणणे अन्यायाचे आहे, आणि त्यासाठी वैद्यकीय तपासणी करून घेणे अगत्याचे आहे.

अशा स्त्रीने जड उचलू नये, नाहीतर हात सुजेल, हा हुकूम दीर्घकाळ बिनतक्रार पाळला गेला. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या कॅथरिन श्मिट्झ व सहकाऱ्यांनी तो कसोटीस लावला. हातास सूज असलेल्या १४१ स्त्रियांपैकी निम्म्यांनी आठवड्यातून दोनदा, देखरेखीखाली आरंभ करून, दाब देणारी बाही घालून, हलके वजन सावकाश वाढवीत वर्षभर व्यायाम केला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्यांचे बळ वाढलेले दिसले. इतकेच नव्हे, तर सुजेचा विकार उसळण्याचे प्रमाण त्यांच्यात १४ टक्के आणि इतरांत २९ टक्के आढळले.

म्हणून विश्रांती हवी, पण ती हात निकामी करणारी नसावी. डॉक्टरांची अनुज्ञा मिळताच भिंतीला तोंड करून बोटांनी वर वर चढत जावे, जेथे हात थांबेल तेथे पेन्सिलीची खूण करावी आणि दुसऱ्या दिवशी ती ओलांडण्याचा यत्न करावा. वजनाची पाळी त्यानंतर, फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने यावी, आणि रोजचे चालणे त्याबरोबर असावे. हात जड वाटू लागला, लाल झाला किंवा ताप आला, तर मात्र विनाविलंब रुग्णालय गाठावे. भरलेली कळशी आणि कुकर यांचा भार काही मुदतीपुरता घरच्या पुरुषांनी उचलावा. आणि रुग्णालयातून मिळालेल्या कागदांत औषधांच्या यादीखाली खांद्याच्या व्यायामाची नोंद आहे की नाही, हे कर्त्या माणसाने तेथेच पाहून घ्यावे. नसेल तर ती हक्काने मागून घ्यावी.